माळाचं बेट झालं तेव्हा

"चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीच्या तुकड्याला बेट म्हणतात." हे वाक्य मी जिल्हा परिषदेच्या शाळांत चाळीसेक वर्षं फळ्यावर लिहिलं. आमच्याकडची पोरं हसायची. धाराशिव जिल्ह्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, इथं बेट कुठून आणणार? एखादं धीट पोरगं विचारायचं, "बाई, तुमी बघितलंय का बेट?" मी म्हणायचे, "बघितलंय काय, अकरा दिवस राहिलेय." वर्ग खो-खो हसायचा. बाईंचा विनोद म्हणून सोडून द्यायचा. मीही पुढचा धडा काढायला सांगायचे. आता साठी उलटली, नोकरी संपली, आणि ज्यांच्यासाठी गप्प बसले ती माणसंही बहुतेक गेली. तेव्हा आता लिहिते. नीटनेटकं लिहिता येईलच असं नाही.

आमचं जुनं गाव तेरणेच्या काठी होतं. धरण झालं आणि गाव वर मुरमाड जमिनीवर आलं. प्लॉट पाडलेले, एकासारखं एक पत्र्याचं घर, मध्ये सरळ रस्ता. माझी माय त्या सरळ रस्त्याला लई वैतागायची. "कुणाच्या बी दारातून कुणाचं बी चुलीपातूर दिसतंय," म्हणायची. पत्र्यावर पाऊस पडला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग ती हुलग्याचं माडगं ढवळता ढवळता हातानंच खुणावायची, वाटी आण, मीठ दे. अप्पा म्हणजे माझे वडील कालव्याच्या कामावर हजेरीनं जायचे. ते खूश होते. महिन्याला पगार, उन्हातान्हात मेंढरांमागं हिंडणं नाही. नाखूश होते ते आबा, माझे आजोबा. नव्या गावाला गायरान नव्हतं. चारी बाजूंनी लोकांची उभी पिकं, मेंढरू चुकून तुरीत शिरलं की भांडण. शिवाय भोवतालच्या काळ्या रानाच्या चिखलात मेंढरांची खुरं कुजायला लागलेली. आबा पत्र्याखाली झोपायचे नाहीत. बाहेर मेंढरांशेजारी घोंगडं अंथरायचे, आणि जागे असतील तितका वेळ त्यांची चाती फिरत असायची. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी भिरी. चालताना, बोलताना, भांडतानासुद्धा ती त्यांच्या बोटांतून सुटत नसे. तिचा बारीक गर्र आवाज आला की आबा कुठं आहेत ते न बघता कळायचं.

आणि घरात गोदाआत्या होती. आबांची शेंडेफळ. नागपंचमीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. तिला मूल नव्हतं, त्यावरून सासू छळायची, हे मला मोठ्यांच्या कुजबुजीतून माहीत होतं. पाठीवरचं मात्र मी स्वतः बघितलं. न्हाणीत तिच्या पाठीला पाणी ओतताना उलथन्याएवढा एक डाग दिसला, कातडी ओढल्यासारखी चकाकत होती. मी बोट लावलं तर ती म्हणाली, "कौसे, हात काढ. आन माय इचारंल तर भाजीचं तेल उडालं म्हण." भाजीचं तेल पाठीवर कसं उडतं हो? मी बारा वर्षांची होते, पण बावळट नव्हते. अप्पांचं म्हणणं एकच, नांदायला पाठवली पाहिजे, लोक तोंडात शेण घालतात. त्यावर आबांची चाती तेवढी जोरात फिरायची.

जुन्या गावाच्या वरच्या अंगाला एक माळ होता. त्यावर आमचा बिरोबा. गाव उठलं तेव्हा लोकांनी मारुती ट्रॅक्टरमध्ये घालून नव्या गावात आणला, पण आबांनी बिरोबाला हात लावू दिला नाही. "द्येव माळाचा हाय, प्लॉटाचा न्हाय," म्हणाले. धरणाचं पाणी त्या वर्षी पहिल्यांदाच अडवलेलं. साहेब लोक सांगत होते, भरायला दोन-तीन वर्षं लागतील. पाणी जुन्या गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबलं होतं, माळावर गुडघाभर गवत, आणि खायला कुणी नाही. भादवा सरता सरता आबांनी ठरवलं, दसऱ्यापर्यंत मेंढरं माळावर ठेवायची. त्रेसष्ठ मेंढरं, चार शेरडं, काळ्या कुत्रा, भाकरी करायला गोदाआत्या. आणि मी, कारण मी रडून गोंधळ घातला. नव्या शाळेत पोरं मला "ए मेंढरं" म्हणायची, तिकडं जायला माझा पाय उचलत नव्हता.

माळाला जायला एकच गाडवाट होती, दोन उतारांमधल्या खोलगट जागेतून. तिथं जुन्या शिवेचा दगड उभा होता, माझ्या छातीइतका, वरच्या अर्ध्या अंगाला शेंदूर. आमच्यात रीत अशी की शिवेच्या दगडावरून जो जाईल त्यानं त्याचा शेंदूर बोटानं आपल्या कपाळाला लावायचा. मग बाई असो, बाप्या असो, पोर असो. कपाळ कोरं ठेवून शिव ओलांडायची नाही. आम्ही गेलो तेव्हा गाडवाट कोरडी होती. आबांनी तिथं काठी रोवली आणि मला समोर उभं केलं. "कौसे, तुझा जिम्मा. रोज सकाळी माळाला फेरी घालायची, हितं यिऊन ह्या दगडाकडं बघायचं. पाणी शेंदराला लागलं की मला सांगायचं. त्याच घटकंला मेंढरं काढायची." मी विचारलं, शेंदरालाच का? तर म्हणाले, "तितकं पाणी म्हंजी मेंढराचं पोट बुडतंय. दिवाळीच्या आदी कातरणी न्हाय, अंगावर लोकर गच्च हाय. लोकर भिजली की मेंढरू खाली जातंय. त्येला पवता यित न्हाय." मी मान डोलावली. त्या वयात जिम्मा शब्द कानावर पडला की छाती फुगते.

तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झाला आणि गाडवाटेवर घोट्याएवढं पाणी आलं. आबांना काही वाटलं नाही. त्यांनी सगळी हयात नदीकाठी काढलेली. "तेरणा चढती तशी उतरती," म्हणाले, "अडीच दीस. त्याच्या वर ती कदी बसली न्हाय." जुन्या गावात पूर आला की ते असेच पलीकडच्या काठाला मेंढरांसकट बसून राहायचे, अडीच दिवसांनी पाणी ओसरलं की घरी. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर उतरलं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू नदी त्यांना विचारूनच उतरली. पण मी मात्र पुस्तकातलं वाक्य आठवून नाचत होते. चारी बाजूंनी पाणी! आत्याला म्हणाले, "आत्या, आपण बेटावर हाव." ती म्हणाली, "बरं हाय की. कुणी यायचं न्हाय."

माझी फेरी म्हणजे काय सांगू तुम्हाला. पुढं मी शाळेच्या सहलींत गोवा बघितलं, खरा समुद्र बघितला, पण तसं चालणं पुन्हा झालं नाही. उजाडलं की निघायचं. मला शंभरपर्यंतच बिनचूक मोजता यायचं, म्हणून शंभर पावलं झाली की ओच्यात एक खडा टाकायचा. पहिल्या दिवशी फेरीला एकतीस खडे झाले. जुन्या गावाच्या बाजूला पाण्यातून चिंचेचे नुसते शेंडे वर आलेले, त्यावर कावळे दाटीवाटीनं बसलेले. मारुतीच्या रिकाम्या देवळाचा कळस दिसायचा. मी त्यावरून आमचं जुनं घर कुठं असेल ते धरायचे, तिथं पाण्यावर एखादी कडब्याची पेंढी गोल गोल फिरत असायची. मावळतीच्या अंगाला कडा होता, तिथं सीताफळीची झाडं, डोळे उघडलेली फळं हाताला लागतील तितकी. उत्तरेला कुणाची तरी ज्वारी अर्धी बुडालेली, पाण्यातून नुसती कणसं उभी. आणि माळभर जनावरं. पाण्यानं हुसकलेली सगळी वर आली होती. ससे, तितर, मुंगसं, धामणी. एका बाभळीच्या बुंध्याला मुंग्यांचा नारळाएवढा गोळा होता. कुणी कुणाला खात नव्हतं. ते बघून मला लई बरं वाटायचं. आज वाटतं, ती बिचारी भेदरलेली होती.

आमचं घर म्हणजे चार बांबू आणि वर घोंगडी. आत्या तीन दगडांवर भाकरी थापायची, सोबत येसराची आमटी, नाहीतर नुसतं दूध. शेरडीचं दूध तापवून त्यात सीताफळाचा गर कालवायची. पलीकडं मायच्या चुलीवर गप्प गप्प असलेली आत्या इथं दिवसभर गुणगुणायची. केस मोकळे सोडून बसायची. एकदा तिनं मला आणि काळ्याला पाण्याच्या कडेनं पळायला लावलं आणि स्वतः पदर खोचून आमच्यामागं पळाली. आबा वरून बघत होते. ओरडतील म्हणून मी थांबले, तर त्यांनी तोंड फिरवलं आणि मेंढराच्या खुराला चुना लावत बसले. त्यांचा एक गुडघा धरलेला होता, म्हणून ते वरच असायचे, गाडवाटेपर्यंत उतरायचे नाहीत. रोज फेरीवरून आले की ते आधी माझ्या कपाळाकडं बघायचे. शेंदूर दिसला की म्हणायचे, "शिव बघितलीस. आता पाणी सांग." मी सांगायचे, "हातभर खाली. वीतभर खाली." आणि ओच्यातले खडे ओतायचे. एकोणतीस. सत्तावीस. चोवीस. वरचा पाऊस थांबला की उतरंल, असं आबा म्हणायचे, पण बेट बारीक होत चाललं होतं, आणि ते खडे आम्ही तिघंही बघत होतो.

आठव्या दिवशी दुपारी अप्पा आले. पोटरीभर पाण्यातून, डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन. मला वाटलं होतं, मायनं माझ्यासाठी काही दिलं असेल. दिलंही होतं, धपाटे. पण अप्पांनी गाठोडं खाली ठेवायच्या आधीच आबांना सांगितलं, "परवा पाव्हणं येणार हायत. पंच घिऊन. आक्षी शेवटची बैठक म्हणून सांगावा धाडलाय. गोदीला खाली घिऊन या."

आबांनी विचारलं, "आन न्हाय आली तर?"

"न्हाय आली तर मोडलंच म्हणायचं. पंच दारातून माघारी गेलं की ते पुन्हा येत न्हायत. पर मोडायचं कारण काय सांगायचं लोकास्नी? आबा, तुमची मेंढरं हायत म्हणून तुमी तिला पोसताल. तुमच्यामागं कोण?"

आत्या पीठ चाळत होती. तिनं मान वर केली नाही. चाळलेलं पीठच तिनं पुन्हा चाळायला घेतलं, एवढं मी बघितलं. अप्पा वाईट नव्हते हो. मला त्यांचा राग यायचा, पुढं कितीतरी वर्षं आला, पण त्यांनाही नव्या गावात तोंड दाखवायचं होतं. ते निघून गेले. धपाटे मी खाल्ले नाहीत, काळ्याला घातले.

नवव्या दिवशी सकाळी मी फेरीला निघाले तेव्हा आभाळ खाली आलेलं. हस्त नक्षत्र लागलेलं. मी कडेनं न जाता सरळ गाडवाटेला उतरले. शिवेचा दगड पाण्यात उभा होता आणि पाणी शेंदराला लागून दोन बोटं वर चढलं होतं. मी पाण्यात शिरले. गार लागलं. पाण्यालगतच्या शेंदरावर बोट फिरवलं तर तेलकट ओला रंग, बोटाला धड लागेना, जो लागला तो पाण्यानं गेला. तिथं उभी राहून मी विचार केला. आजच्या आज मेंढरं निघाली, तर उद्या आत्या बैठकीत बसणार. परवा ती सासूच्या चुलीसमोर. आणि नाही निघालो तर पंच काठावरून परत जातील, पाण्यानं अडवलं म्हणतील, कुणाचा दोष नाही. पाणी काय, अडीच दिवसांत उतरतंच. आबांनीच सांगितलंय. एवढा सगळा हिशोब मी बारा वर्षांच्या डोक्यानं केला, आणि मला तो कुठंच चुकलेला दिसला नाही. वरचा कोरडा शेंदूर कपाळाला लावायचा मात्र धीर झाला नाही.

वर आले तर आत्या झोपडीच्या तोंडाशीच होती. तिनं माझ्या भिजलेल्या परकराकडं बघितलं, मग तोंडाकडं. म्हणाली, "ये हिकडं. घाम बघ कसा आलाय." गार वाऱ्यात कसला घाम? तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं, आपला करंडा उघडला, आणि बोटानं कुंकू लावलं. "इसरलीस व्हय गं शेंदूर? जा आता आबांकडं." मला वाटलं, सुटले. आत्याला वाटलं मी विसरले. आबा मेंढराचं खूर धरून बसले होते. त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, पण खोटं बोलणाऱ्याला सगळेच आपल्याकडं बघतात असं वाटतं.

"पाणी?"

"अजून वीतभर खाली हाय."

आबांनी खूर खाली ठेवलं. चाती उचलली. "बरं," म्हणाले. "मग ऱ्हाऊ दोन दीस."

दुपारी पाऊस आला. तो पाऊस मी पुन्हा बघितला नाही. सरळ सांडल्यासारखा, थेंब दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा शिवेचा दगड कुठं होता तेच कळेना. आबा पहिल्यांदाच काठी टेकत खाली आले, पाण्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "चढू दे. उतरंल." दुपारी पलीकडच्या काठावर माणसं दिसली. चार-पाच टोप्या, एक छत्री. अप्पा त्यांच्यापुढं हातवारे करत होते. छत्रीवाल्यानं आमच्याकडं बोट दाखवलं, मग ते सगळे वळले आणि उताराआड गेले. आत्या झाडाआडून बघत होती. ते दिसेनासे झाले तशी ती हसली. आधी बारीक, मग तोंडावर पदर धरून, मग खाली बसून. मला जवळ ओढून म्हणाली, "गेले गं बाय, गेले!" त्या दिवशी तिनं सीताफळं घालून इतकं दूध केलं की काळ्यालाही वाटी मिळाली. आबाही दोनदा मागून प्याले. मला आठवतं, मी मनात म्हणाले, बघ, खोटं बोलूनसुद्धा चांगलं होतं.

अकराव्या दिवशी फेरीला नऊ खडे झाले. मेंढरांना बसायला जागा उरली नव्हती, बिरोबाच्या पायाशी पाणी आलं होतं. आबा काठाशी उभे राहिले. त्यांनी एक वाळकी काटकी उचलली आणि पाण्यात टाकली. नदीच्या पुरात काटकी टाकली की ती झपकन निघून जाते, तिच्या वेगावरून ते पाणी कधी उतरेल ते सांगायचे. ही काटकी पडली आणि तिथंच राहिली. थोडी फिरली आणि पुन्हा आमच्याकडंच आली. आबांनी ती काठीनं लोटली. ती परत आली. त्यांच्या हातातली चाती थांबली. "कौसे," म्हणाले, "ही नदी न्हाय." तेवढंच. आयुष्यभर ज्या पाण्याला ते ओळखत होते, ते पाणी तिथं नव्हतंच. जायला वाट असलेलं पाणी उतरतं. ह्याला भिंत घातलेली होती.

पलीकडून अप्पा आणि गावातली माणसं दोर आणि वाळलेल्या भोपळ्यांची सांगड घेऊन आली. मला आणि आत्याला सांगडीवरून नेलं. मी पलीकडच्या काठावर उभी राहून बघितलं, त्यामुळं मला सगळं दिसलं. मधोमध पाणी माणसाच्या गळ्याला होतं. आबांनी घंटेचं शेरडू पुढं घातलं. शेरडू पोहायला लागलं आणि मेंढरं त्याच्यामागं उतरली, कारण मेंढरू पुढच्याच्या मागंच जातं, त्याला दुसरं काही येत नाही. माझी समजूत होती, बुडताना जनावर ओरडतं. मेंढरू ओरडत नाही. नुसतं जड होत जातं. आधी पाठ जाते, मग नाक वर राहतं, मग नाकही जातं. काळ्या काठावरून पाण्यावर भुंकत होता. आबा मधोमध उभे राहून हाताला येईल ते वर उचलत होते, एकाला उचललं की दुसरं जायचं. घंटा वाजत होती ती मध्येच वाजायची थांबली. आत्यानं माझे डोळे झाकले, मी तिचा हात काढला.

सतरा वाचली. आबांना दोघांनी धरून वर आणलं, त्यांच्या काखेत एक कोकरू होतं, मेलेलं. काठावर बरीच माणसं जमली होती. शेजारच्या वस्तीवरचा एक म्हातारा धनगर पुढं आला. तो रडतच होता. म्हणाला, "आरं, तुला पाणी कळंना? तुला?" सगळे आबांकडं बघत होते. मीही बघत होते. आत्ता बोलायचं, मी म्हणत होते, आत्ता. आबांनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"न्हाय कळलं," म्हणाले. "नजर गेली माजी."

पुढं ते लोकांना पुरलं. म्हाताऱ्याची नजर गेली, म्हाताऱ्यानं मेंढरं बुडवली. माकणीच्या बाजारात त्यांना कुणी पावसाचं विचारीनासं झालं. उरलेली सतरा अप्पांनी विकली. मेंढरं गेल्यावर आबांचा घरातला शब्दही गेला, आणि दिवाळीनंतर अप्पांनी स्वतः जाऊन पाव्हण्यांचे पाय धरले. ज्या आत्यासाठी मी खोटं बोलले तिला मीच तिकडं धाडली. जाताना तिनं मला कुंकू लावलं. मी तिच्या तोंडाकडं बघू शकले नाही. आबा पुढं सात वर्षं जगले. पत्र्याच्या घरापुढं पाण्याकडं तोंड करून बसायचे. लोकर नव्हती म्हणून चातीवर अंबाडीचा वाख कातायचे, त्याचा आवाज वेगळाच यायचा. मी शिकले, मास्तरीण झाले, त्यांना पहिल्या पगारातून घोंगडी नेली. तरी बोलले नाही. दर भेटीला ठरवायचे आणि दर भेटीला तशीच माघारी यायचे. ते गेले तेव्हा मला रडायला आलं नाही, त्याची लाज अजून वाटते.

आत्याचा नवरा काही वर्षांपूर्वी वारला, आणि मी तिला इथं धाराशिवला माझ्याकडं आणलं. पंचाहत्तरी ओलांडलीय. कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत. मागच्या आश्विनात आम्ही दोघी गॅलरीत बसून सीताफळातल्या बिया काढत होतो. मला काय झालं कुणास ठाऊक. हातातलं फळ खाली ठेवलं आणि म्हणाले, "आत्या, त्या दिवशी पाणी शेंदराच्या वर गेलं होतं. मी खोटं बोलले."

तिनं बिया काढणं थांबवलं नाही. "ठावं हाय."

"ठावं हाय?"

"मंग कुंकू कशाला लावलं म्या? तुझं कपाळ कोरं, परकर मांडीपातूर भिजल्याला. म्या काय आंधळी व्हते?" मग म्हणाली, "मला बी जायचं नव्हतं, कौसे. तू येडी पोर, तुला कळत नव्हतं. मला कळत व्हतं. तरी गप बसले. समदं माज्यापायी झालं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

साठ वर्षांची बाई मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं चिकट हातानंच माझे केस सारखे केले. डोळे पुसून मी म्हणाले, "आणि आबांनी आपल्या दोघींचं पाप डोक्यावर घेतलं. त्यांना काही माहीत नसताना."

"माहीत नसताना?" आत्या म्हणाली. "आगं, शेंदूर कोनचा आन कुंकू कोनचं, ते त्येस्नी वळखू यीना व्हय?"

मी उठून बसले.

"आबांच्या शेवटाला म्या बघायला आले व्हते की. घरात कुणी नव्हतं. मला म्हणले, गोदे, त्या दिशी पोरीच्या कपाळाला कुंकू व्हतं. म्या म्हणलं, व्हय आबा."

"मग? मग काय म्हणाले?"

आत्यानं एक फळ फोडलं, अर्धं माझ्यापुढं ठेवलं.

"काय म्हणत्यात. म्हणले, दोगींनी बरं केलं. निस्ती नदी उतराय पायजे व्हती."